लोणारच्या वाटेवरील नवलस्थळे : जानेफळ ते सिंदखेडराजा

खामगावहून मेहकरकडे निघालेला रस्ता वाटेत जानेफळला येतो. बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यातील हे गाव. सभोवार काळी जमीन, कापूस, तूर आणि सोयाबीनची शेते, मधूनच खडकाळ माळ आणि उथळ नाले. या भूप्रदेशात डोळे दिपविणारे काही असेल, अशी कल्पना प्रथम येणाऱ्या प्रवाशाला येत नाही. उंच पर्वत नाहीत, समुद्र नाही, घनदाट अरण्य नाही. तरीही जानेफळपासून दक्षिणेकडे मेहकर, तेथून लोणार आणि पुढे पश्चिमेस सिंदखेडराजा असा प्रवास केला, तर महाराष्ट्रात अन्यत्र क्वचितच आढळतील अशी स्थळे एकामागून एक समोर येतात. मातीखाली लपून राहिलेली अकरा फुटी विष्णुमूर्ती, आकाशातून कोसळलेल्या अशनीने कोरलेले वर्तुळाकार विवर, त्याच्या तळाशी साठलेले खारे आणि कधी गुलाबी होणारे पाणी, त्याच विवराच्या कडेवर बारमाही वाहणारी गोड्या पाण्याची धार, आणि तलावाच्या मध्यभागी उभी केलेली दगडी वास्तू, हे सारे दोन दिवसांच्या प्रवासात पाहता येते.

अशी स्थळे पाहून परतणाऱ्या माणसाच्या तोंडी ‘नवल’ हा शब्द असतो. नवल वाटणे स्वाभाविक आहे. तथापि, नवलस्थळाचे वेगळेपण कशामुळे निर्माण झाले, हे ज्या गावाला ठाऊक नसते त्या गावाच्या हातून ते वेगळेपण नकळत नाहीसे होऊ शकते. लोणारच्या बाबतीत हा धोका आज प्रत्यक्ष उभा आहे. म्हणून या वाटेवरील स्थळांची ओळख करून घेताना ती तशी का आहेत, या प्रश्नाचा विचार येथे मुख्यतः केला आहे.

मेहकर : मातीखालची मूर्ती

पैनगंगेच्या काठी वसलेले मेहकर हे प्राचीन गाव. मोगल काळात वऱ्हाड सुभ्यातील एका सरकारचे हे मुख्य ठिकाण होते. अकबराच्या दरबारातील अबुल फज्ल याने ‘आईन-इ-अकबरी’त या भागातील खाऱ्या पाण्याच्या स्थानाचा आणि काच व साबण तयार करण्यासाठी लागणाऱ्या द्रव्यांचा उल्लेख केला आहे. ते स्थान म्हणजे लोणार. चारशे वर्षांपूर्वी दिल्लीच्या दफ्तरात लोणारची दखल घेतली गेली ती सौंदर्यासाठी नव्हे, खारापासून मिळणाऱ्या उत्पन्नासाठी, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

मेहकरची आजची ओळख म्हणजे शारंगधर बालाजीचे मंदिर. १८८८ साली येथे खोदकाम चालू असताना जमिनीखालून एक विष्णुमूर्ती मिळाली. काळ्या पाषाणाची ही उभी चतुर्भुज मूर्ती सुमारे ११ फूट उंच आहे. इतकी मोठी, इतकी घोटीव आणि इतकी अखंड मूर्ती शतकानुशतके मातीखाली सुरक्षित राहिली, हेच मोठे आश्चर्य. ही मूर्ती परदेशी नेण्याचा इंग्रज अधिकाऱ्यांचा विचार होता आणि तो अमलात येण्यापूर्वीच गावकऱ्यांनी तिची प्रतिष्ठापना केली, अशी आठवण मेहकरात सांगितली जाते. मूर्ती गावातच राहिली, म्हणूनच आज तिच्या दर्शनासाठी दूरदूरचे लोक मेहकरला येतात.

शाळेच्या सहलीसोबत येणाऱ्या शिक्षकांना येथे एक चांगला पाठ घेता येईल. विष्णूच्या चतुर्भुज मूर्तीच्या हातांत शंख, चक्र, गदा आणि पद्म ही आयुधे असतात. ती कोणत्या क्रमाने धारण केली आहेत यावरून केशव, नारायण, माधव, त्रिविक्रम अशी विष्णूची चोवीस रूपे ओळखण्याची पद्धत मूर्तिशास्त्रात आहे. विद्यार्थ्यांनी आयुधांचा क्रम स्वतः पाहून टिपला, तर मूर्ती वाचता येते हे त्यांच्या ध्यानात येईल.

मेहकरातच ‘कंचनीचा महाल’ या नावाने ओळखले जाणारे जुन्या वास्तूचे अवशेष आहेत. कंचनी ही नर्तकी. आपल्या महालाच्या माथ्यावरून लोणारच्या कमळजा देवीचा दिवा दिसावा, अशी तिची इच्छा होती आणि त्यासाठी तिने मजल्यावर मजले चढविले, अशी लोककथा आहे. कथेच्या अखेरीस कंचनीची शिळा होते. मेहकरचे ख्यातनाम कवी ना. घ. देशपांडे यांनी या कथेवर काव्य लिहिले, त्यामुळे ती साऱ्या महाराष्ट्राला परिचित झाली. कथेतील ऐतिहासिक तथ्य काहीही असो, मेहकरच्या माणसाची नजर लोणारकडे किती पूर्वीपासून लागलेली होती, हे तीमधून दिसते.

लोणार : प्रथमदर्शन

मेहकरपासून सुलतानपूरमार्गे लोणार सुमारे २५ किलोमीटर आहे. गावापर्यंत पोहोचले तरी विवराची चाहूल लागत नाही. सपाट माळ किंचित चढत जातो आणि एकाएकी पायांखालची जमीन संपते. समोर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा, जवळजवळ अचूक वर्तुळाकार खोलगट भाग दिसतो. माथ्यापासून तळापर्यंतची खोली सुमारे दीडशे मीटर. उतारावर दाट झाडी आणि तळाशी सुमारे १.२ किलोमीटर व्यासाचे हिरवट पाण्याचे सरोवर. आसपासच्या पठारापेक्षा विवराची कडा थोडी उंच उचलली गेलेली आहे. माळ चढत गेल्यासारखा वाटतो तो या उंचवट्यामुळे. एखाद्या भांड्याचा काठ असावा तसा हा उंचवटा विवराच्या सभोवार आहे आणि विवराच्या जन्माचा तो पहिला पुरावा आहे.

या विलक्षण आकाराचे स्पष्टीकरण देण्याचा प्रयत्न प्रथम पुराणकथेने केला. लवणासुर नावाचा दैत्य येथे भूमिगत विवरात लपून राहत असे आणि परिसरातील लोकांना छळत असे. विष्णूने दैत्यसूदनाचे रूप घेऊन त्याची जागा शोधून काढली, पायाच्या अंगठ्याने विवरावरील झाकण उडवून दिले आणि दैत्याचा वध केला. ते झाकण दूर नैऋत्येस ढाकेफळजवळ जाऊन पडले आणि तेथील टेकडी म्हणजेच ते झाकण, असे सांगतात. सरोवराच्या पाण्याचा संबंध कथेने दैत्याच्या रक्ताशी जोडला. ‘लोणार’ हे नाव लवणाशी, म्हणजे मिठाशी निगडित आहे. जमिनीचा एक भाग प्रचंड शक्तीने उडाला आणि दूर जाऊन पडला, ही कल्पना मात्र पुढे विज्ञानाने मांडलेल्या कल्पनेच्या बरीच जवळ जाणारी ठरली.

ज्वालामुखी की अशनी?

सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने १८२३ साली लोणारची नोंद केली. त्यानंतरच्या शतकभरातील बहुतेक युरोपीय अभ्यासकांनी हे ज्वालामुखीचे मुख असावे, असे मानले. त्यांचा समज अगदीच निराधार नव्हता. दख्खनचे पठार ज्या काळ्या कातळाचे, म्हणजे बेसाल्टचे बनले आहे तो कातळ लाव्हारसापासूनच तयार झालेला आहे. लाव्हाच्या खडकात वर्तुळाकार खड्डा दिसल्यावर ज्वालामुखीची आठवण होणे साहजिक होते. परंतु या मताला एक मोठी अडचण होती. दख्खनचे लाव्हाप्रवाह सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंडावले. लोणारचे विवर मात्र इतके ताजे, इतके कमी झिजलेले आहे की ते तितके जुने असणे अशक्य. शिवाय या विवरातून लाव्हा बाहेर वाहिल्याची कोणतीही खूण आढळत नाही.

अमेरिकेतील भूवैज्ञानिक जी. के. गिल्बर्ट यांनी १८९६ साली अॅरिझोनातील विवरासंबंधी विवेचन करताना लोणारशी त्याचे साम्य असल्याचे नमूद केले होते. अॅरिझोनाचे विवर अशनीच्या आघाताने झाले हे पुढे सिद्ध झाले, तेव्हा लोणारविषयीही तीच शंका बळावली. १९६४ साली ला फाँड आणि डीट्झ या शास्त्रज्ञांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. त्यानंतर सरोवराच्या तळाला छिद्रे घेऊन खोलवरच्या खडकाचे नमुने काढण्यात आले. गाळाच्या जाड थराखाली भग्न, चुरा झालेला खडक सापडला आणि त्यात मॅस्केलिनाइट नावाचा काचसदृश पदार्थ आढळला. खडकातील विशिष्ट खनिजावर अत्यंत तीव्र आणि क्षणिक दाब पडला, तरच हा पदार्थ तयार होतो. ज्वालामुखीच्या उद्रेकात असा दाब निर्माण होत नाही. भारतीय आणि अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९७३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात हे निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि लोणार हे आघातविवर असल्याचे जगन्मान्य झाले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने त्याला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून घोषित केले आहे.

योगायोग असा की, १९६९ ते १९७२ या काळात अपोलो मोहिमांनी चंद्रावरील खडक पृथ्वीवर आणले होते. चंद्राची काळसर दिसणारी मैदाने बेसाल्टचीच आहेत आणि त्यांवर असंख्य आघातविवरे आहेत. पृथ्वीवर बेसाल्टमध्ये कोरलेले आणि आकार टिकवून ठेवलेले विवर शोधू लागल्यावर शास्त्रज्ञांची दृष्टी लोणारवर स्थिरावली. मंगळावरील विवरांच्या अभ्यासासाठीही लोणारचा उपयोग केला जातो.

शिक्षकांनी सावधपणे सांगावयाच्या गोष्टी

लोणारविषयी काही विधाने माहितीफलकांतून आणि पाठ्यसाहित्यातून वारंवार केली जातात. ती तपासून घेणे आवश्यक आहे.

पहिले विधान वयासंबंधी. विवराचे वय सुमारे ५० हजार वर्षे असल्याचे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले आढळते. हा अंदाज तापदीप्ती पद्धतीवर आधारलेला होता. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या, आर्गॉन वायूच्या समस्थानिकांवर आधारलेल्या मापनानुसार हे वय सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे येते. दोन अंकांत दहापटीहून अधिक फरक आहे. वर्गात दोन्ही अंक, त्यांमागील पद्धतींसह, सांगणे उचित होईल. विज्ञानात अंक कसे बदलतात याचे घराजवळचे उदाहरण विद्यार्थ्यांना यातून मिळेल.

दुसरे विधान ‘बेसाल्टमधील जगातील एकमेव विवर’ असे केले जाते. ब्राझीलमधील व्हार्जाओ आणि व्हिस्टा अॅलेग्रे ही विवरेही बेसाल्ट खडकातच आहेत. ती फार जुनी आणि झिजलेली आहेत. म्हणून बेसाल्टमधील उत्तम स्थितीत टिकलेले आघातविवर, असे लोणारचे वर्णन करणे अधिक अचूक ठरेल. भारतातही मध्य प्रदेशातील ढाला आणि राजस्थानातील रामगढ ही आघातविवरे ज्ञात आहेत. परंतु लोणारइतका स्पष्ट आकार त्यांपैकी एकाचाही राहिलेला नाही. एकमेव हा शब्द वगळल्याने लोणारचे महत्त्व तिळमात्र कमी होत नाही.

पाणी खारे का?

विवराचा जन्म कळला तरी पाण्याचा प्रश्न उरतो. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या या जागी पाणी खारे का व्हावे?

याचे उत्तर सरोवराच्या बंदिस्तपणात आहे. पावसाचे पाणी आणि कडेवरील झऱ्यांचे पाणी सरोवरात येते. येताना ते खडकांतील सोडियमसारखी द्रव्ये अल्प प्रमाणात विरघळवून आणते. सरोवरातून बाहेर पडण्यासाठी मात्र पाण्याला एकही वाट नाही. ते केवळ वाफेच्या रूपाने उडून जाते आणि विरघळलेली द्रव्ये मागे राहतात. हजारो वर्षे हा क्रम चालू राहिल्याने पाण्यात मीठ आणि सोडियम कार्बोनेट, म्हणजे खार, साठत गेला. पाण्याचा सामू साडेनऊ ते साडेदहाच्या आसपास असतो. साधे पाणी सातच्या जवळपास असते, हे लक्षात घेतल्यास लोणारचे पाणी किती अल्कधर्मी आहे याची कल्पना येईल.

या खारावर एकेकाळी मोठा व्यवसाय चालत असे. उन्हाळ्यात पाणी ओसरले की काठावर खाराचे थर जमत. त्यांच्या प्रतींनुसार दल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की अशी निरनिराळी नावे प्रचलित होती. बांगड्यांची काच, साबण आणि कापडाची रंगाई यांसाठी हा खार उपयोगात येई. कारखान्यात तयार होणारा सोडा स्वस्त झाल्यावर हा व्यवसाय मागे पडला. त्या शब्दांचे अर्थ सांगू शकणारी वृद्ध माणसे परिसरात असतील, तर शाळांनी ते टिपून ठेवणे ही मोलाची कामगिरी होईल.

अशा तीव्र पाण्यात मासे वाढत नाहीत, तथापि ते निर्जीव नाही. सूक्ष्म नीलहरित शैवाल येथे विपुल वाढते आणि पाण्याला हिरवी छटा देते. जून २०२० मध्ये हेच पाणी अल्पकाळात गुलाबी झाले आणि लोणारचे छायाचित्र देशभरातील वृत्तपत्रांत झळकले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासलेल्या नमुन्यांत लवणप्रिय सूक्ष्मजीव मोठ्या संख्येने आढळले. उन्हाळ्यात पाण्याची पातळी खालावली, क्षारता वाढली आणि तांबूस रंगद्रव्य निर्माण करणाऱ्या या जीवांची संख्या एकदम वाढली. पावसाने पाणी पुन्हा सौम्य झाल्यावर रंग ओसरला. ऑस्ट्रेलियातील हिलियर आणि सेनेगलमधील रेटबा या गुलाबी सरोवरांची कीर्ती जगभर आहे. तेथेही रंगाचा उगम खाऱ्या पाण्यातील सूक्ष्म जीवसृष्टीतच आहे.

खाऱ्याशेजारी गोडे

लोणारचे आणखी एक नवल म्हणजे खाऱ्या सरोवराच्या कडेवर वाहणारी गोड्या पाण्याची धार. विवराच्या माथ्याजवळ गोमुखातून हे पाणी बारमाही पडते. भाविक येथे स्नान करतात आणि या जागेला केवळ ‘धार’ असेही म्हणतात. पठारावरच्या खडकाच्या फटींत मुरलेले पावसाचे पाणी विवराच्या कापलेल्या कडेतून बाहेर येते. वर जमिनीत पाणी मुरले नाही तर ही धार क्षीण होणार, हे उघड आहे.

खाली सरोवराकाठी कमळजा देवीच्या मंदिराजवळ ‘सासू-सुनेची विहीर’ आहे. एकाच विहिरीत एका बाजूचे पाणी गोडे आणि दुसऱ्या बाजूचे खारे, म्हणून लोकांनी तिला हे मार्मिक नाव दिले. एका बाजूने झऱ्याचे आणि दुसऱ्या बाजूने सरोवराचे पाणी झिरपत असल्याने असे घडते. सरोवराची पातळी चढली की काठावरच्या काही मंदिरांत पाणी शिरते आणि विहीरही त्याखाली जाते. ती दिसणे न दिसणे हे त्यामुळे सरोवराच्या पातळीवर अवलंबून असते.

विवराच्या आत आणि काठावर लहानमोठी अनेक प्राचीन मंदिरे आहेत. बरीचशी भग्न आहेत. गावातील दैत्यसूदनाचे मंदिर त्यांत सर्वश्रेष्ठ. चालुक्यकालीन शिल्पपरंपरेतील या मंदिराचा तळ ताऱ्याच्या आकाराचा असून बाह्य भिंतींवरील शिल्पे अत्यंत रेखीव आहेत. लवणासुरवधाची कथा येथे दगडात उतरली आहे. विवरापासून जवळच अंबर नावाचे लहान तळे आहे. मुख्य अशनीच्या तुकड्याने ते झाले असावे, असा तर्क केला जातो. त्याच परिसरातील मोठ्या मारुतीच्या मंदिरात पहुडलेल्या हनुमंताची भव्य मूर्ती आहे. मारुती उभा किंवा उड्डाण घेतलेला पाहण्याची सवय असलेल्या यात्रेकरूला ही मूर्ती थबकवते.

वेगळेपणावर आलेले संकट

लोणारचे सर्व वैशिष्ट्य एका नाजूक तोलावर उभे आहे. जेवढे पाणी येते तेवढे उडून जावे आणि आलेल्या पाण्यात बाहेरची घाण नसावी, असा हा तोल आहे. गावाचे सांडपाणी उतारावरून सरोवराकडे वळले, तर दुहेरी हानी होते. गोडे पाणी वाढल्याने खाराचे प्रमाण घटते आणि सेंद्रिय घाणीमुळे पाण्याची प्रत पालटते. विवराच्या उतारावर एकेकाळी शेतीही होत असे. खतांचा आणि कीटकनाशकांचा अंश अशा शेतीतून सहज तळाशी पोहोचतो. वेड्या बाभळीने काठावरची जागा व्यापल्याने मूळ वनस्पतींना वाव राहिला नाही. ही बाभूळ काढण्याचे प्रयत्न झाले आहेत. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढेही सरोवराच्या संवर्धनाचा प्रश्न अनेक वर्षे आहे.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे समजून घेतली पाहिजे. सरोवरात पाणी वाढले म्हणजे सरोवर समृद्ध झाले, असा समज सामान्यतः होतो. अन्य तलावांच्या बाबतीत तो खराही आहे. लोणारच्या बाबतीत तो खरा नाही. येथील पाणी गोडे होत गेले, तर लक्षावधी वर्षांत घडलेली जीवसृष्टी नाहीशी होईल आणि एका सामान्य तलावाची भर तेवढी पडेल. २०२० साली लोणारचा समावेश आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ स्थळांच्या रामसर यादीत झाला. नाशिक जिल्ह्यातील नांदूर मधमेश्वरनंतर हा मान मिळालेले महाराष्ट्रातील हे दुसरे स्थळ. सुमारे १६० जातींचे पक्षी येथे नोंदले गेले आहेत. हा मान लोणारच्या वेगळेपणाला आहे आणि तो राखण्याची जबाबदारी त्याबरोबरच येते.

सिंदखेडराजा : माणसाने अडविलेले पाणी

लोणारला निसर्गाने पाणी अडविले. पश्चिमेस असलेल्या सिंदखेडराजात ते माणसाने अडविले आणि त्याला शिल्पाचे रूप दिले. १२ जानेवारी १५९८ रोजी येथे राजमाता जिजाऊंचा जन्म झाला. त्यांचे पिता लखुजी जाधवराव हे सिंदखेडचे बलाढ्य सरदार. जन्मस्थान असलेल्या वाड्याचे भव्य प्रवेशद्वार आजही उभे आहे. १६२९ साली लखुजींची दौलताबाद येथे निजामशाही दरबारात हत्या झाली. त्यांची भव्य समाधी सिंदखेडराजात आहे.

दर्शनासाठी येणारे बहुतेक लोक वाडा आणि समाधी पाहून परततात. त्यांनी येथील जलरचनाही अवश्य पाहावी. मोती तलावाची दगडी भिंत प्रथमदर्शनी किल्ल्याच्या तटासारखी भासते. चांदणी तलावाच्या मध्यभागी मजल्यांची वास्तू उभी आहे आणि तलाव भरला की ती पाण्यातून वर आल्यासारखी दिसते. पुतळा बारवेत उतरताना भिंतींवरील शिल्पे सोबत करतात. पाऊस बेताचा असलेल्या प्रदेशात राज्यकर्त्याने पाण्याची सोय केली आणि ती करताना सौंदर्याचीही जाण ठेवली, याची ही साक्ष आहे. जिजाऊंच्या चरित्राचा पाठ शिकविताना त्या ज्या गावात वाढल्या त्या गावाची जलव्यवस्था विद्यार्थ्यांना दाखविली, तर तो काळ त्यांना अधिक जवळचा वाटेल.

पंचायती आणि शाळा यांचे काम

नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग मेहकर आणि सिंदखेडराजा या परिसरांतून जातो. २०२२ च्या डिसेंबरमध्ये त्याचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला आणि २०२५ मध्ये तो पूर्ण झाला. पूर्वी आडवाटेवर असलेली ही स्थळे आता मोठ्या शहरांतील प्रवाशांच्या आवाक्यात आली आहेत. येणारा प्रवासी रोजगार आणतो, त्याचबरोबर कचरा, सांडपाणी आणि अनिर्बंध बांधकामाचा भारही आणतो. अशा वेळी सारी जबाबदारी शासनाच्या विभागांवर सोपवून स्थानिक संस्थांना स्वस्थ राहता येणार नाही.

विवराच्या पाणलोटातील गावांनी आणि नगरपरिषदेने सांडपाण्याचा एकही ओहोळ सरोवराकडे जाणार नाही, याकडे प्रथम लक्ष द्यावे. धारेचे पाणी टिकावे यासाठी वरच्या माळावर पाणी मुरविण्याची आणि विंधन विहिरींवर मर्यादा ठेवण्याची गरज आहे. खाद्यगृहे आणि वाहनतळ विवराच्या कडेपासून दूर असावेत. सहलीसाठी येणाऱ्या विद्यार्थ्यांनी खडकांचे तुकडे उचलून नेऊ नयेत. एकेका तुकड्यात त्या आघाताचा पुरावा असतो आणि तो जागेवर असतो तेव्हाच संशोधकाच्या उपयोगी पडतो. मंदिरांच्या शिल्पांवर रंग किंवा चुना लावण्याचा उत्साह आवरावा आणि दुरुस्तीचे काम पुरातत्त्व विभागाच्या मार्गदर्शनाखालीच व्हावे.

जानेफळसारख्या वाटेवरील गावांनाही या कार्यात स्थान आहे. लोणारकडे जाणारा प्रवासी चहापाण्यासाठी थांबतो तेथेच त्याला परिसराची पहिली माहिती मिळते. ग्रामपंचायतीने दर्शनी ठिकाणी मार्ग, अंतरे आणि पाळावयाचे नियम यांचा मराठीतील एक अचूक फलक उभारला, तरी पुष्कळ साधेल. शाळांना यापुढेही जाता येईल. जानेफळ, मेहकर, लोणार आणि सिंदखेडराजा येथील शाळांनी मिळून आपापल्या गावच्या विहिरी, बारवा, झरे आणि तलाव यांची नोंदवही ठेवावी. दर उन्हाळ्यात आणि पावसाळ्याअखेर पाण्याची पातळी टिपावी. धार किती वाहते आणि सासू-सुनेची विहीर कोणत्या महिन्यात दिसू लागते, एवढे जरी दरवर्षी नोंदले गेले, तरी दहा वर्षांत अशी माहिती हाती येईल की जिचा उपयोग वन विभागाला, भूजल सर्वेक्षण यंत्रणेला आणि संशोधकांना होईल. या कामाला मोठा खर्च नाही. एक दोरी, एक मोजपट्टी, एक वही आणि ती सांभाळणारा शिक्षक एवढे त्यासाठी पुरेसे आहे.